हात राखून

'हात राखून' हा शब्दप्रयोग मराठीत कौतुकाने वापरलेला माझ्या फारसा ऐकिवात नाही. हात राखून वाढणारी बाई पंगतीत कोणाला आवडत नाही. हात राखून स्तुती करणारा समीक्षक लेखकाला आवडत नाही. आणि हात राखून प्रेम करणाऱ्याला तर आपण प्रेम करणारा मानायलाच तयार नसतो. जवळ असेल ते सारे उधळून द्यावे, यात आपल्याला काही तरी उमदे दिसते. असे असूनही माझ्या आयुष्यातली एकतीस वर्षे मी हात राखण्याच्याच धंद्यात घालवली, आणि त्याबद्दल मला दरमहा पगार मिळत गेला.

मोटारींची इंजिने तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या परीक्षण विभागात मी होतो. इंजिन लोखंडी चौथऱ्यावर बांधावयाचे, त्याच्या दांड्याला डायनामोमीटर जोडावयाचा आणि पूर्ण भाराखाली ते शेकडो तास पळवावयाचे, हे आमचे काम. कधी त्याच्या अंगातून उकळीच्या बेताचे पाणी खेळवावयाचे आणि लागलीच थंडगार पाणी सोडावयाचे. रात्रपाळीला दिवे मंद केले की एक्झॉस्टची नळी निखाऱ्यासारखी तळपताना दिसे. इतका छळ सोसून जे इंजिन टिके, त्याच्या ताकदीतला एक हिस्सा बाजूला काढून उरलेली ताकद आम्ही गिऱ्हाइकाच्या हाती देत असू. बाजूला काढलेला हिस्सा कोठे लिहिलेला नसे. तो गिऱ्हाइकाला दिसत नसे, जाहिरातीत येत नसे. पण तो किती ठेवावा यावरून आमच्या बैठकांत जितके वाद झाले, तितके दुसऱ्या कशावरूनही झाले नसतील.

निवृत्तीनंतर तीन वर्षांनी माझा भाचा एके रविवारी सकाळी नवी टर्बो पेट्रोल गाडी घेऊन आमच्या दारात उभा राहिला. गाडी नवी म्हणजे वर्षभराची. नवे होते ते तिचे बळ. त्याने ती एका गॅरेजमध्ये नेऊन 'ट्यून' करून आणली होती. एक लॅपटॉप, एक वायर आणि दीड तास एवढ्या सामग्रीवर एकशे दहा अश्वशक्तीच्या गाडीची एकशे चाळीस अश्वशक्तीची गाडी झाली होती.

"मामा, तीस घोडे कंपनीनं दाबून ठेवले होते," तो म्हणाला. "आपलेच पैसे, आपलीच गाडी, आणि घोडे मात्र त्यांच्या तबेल्यात!"

मी हसलो. त्याच्या त्या तबेल्याचा एक पहारेकरी मीच होतो, हे त्याला ठाऊक असूनही त्या क्षणी आठवत नव्हते.

मग त्याने मला द्रुतगती मार्गावर फिरवून आणले. येथे एक कबुली दिली पाहिजे. त्याने पाय दाबला आणि पाठ आसनात रुतली, तेव्हा मला आनंद झाला. साठी उलटलेल्या माणसाला शोभणार नाही असा, निर्भेळ, पोरकट आनंद झाला. ज्याला तो आनंद कधी झालाच नाही त्याने या विषयावर उपदेश करू नये, असे मला वाटते. संयमाची थोरवी पुष्कळदा भूकच न लागलेली माणसे सांगत असतात.

परत आल्यावर चहा पिताना त्याने मला खरा प्रश्न विचारला. "ही ताकद इंजिनात होतीच ना? मग ती वापरली तर चुकलं काय?"

या प्रश्नाचे यांत्रिक उत्तर सोपे आहे. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या झोतावर फिरणारा एक पंखा. तो सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबतो. जादा हवेबरोबर जादा पेट्रोल जाळता येते आणि जादा ताकद मिळते. ट्यून करणारा हा दाब वाढवतो, आणि ठिणगी थोडी आधी पाडतो. नेहमीच्या ज्वलनात ठिणगीपासून निघालेली ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पसरत जाते, गवताच्या कुरणात वणवा सरकत जावा तशी. पण दाब आणि उष्णता फार वाढली की वणवा पोहोचण्यापूर्वीच पलीकडच्या कोपऱ्यातले गवत आपोआप पेट घेते, आणि एकदम घेते. त्याचा जो हादरा बसतो त्यालाच गॅरेजवाले 'नॉकिंग' म्हणतात. पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळावेत तसा तो आवाज असतो. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हॅरी रिकार्डो या इंग्रज अभियंत्याने या आवाजाचा पाठपुरावा करून त्याचे हे कारण दाखवून दिले. तेव्हापासून आजतागायत पेट्रोल इंजिनाच्या ताकदीची सीमा बहुतांशी हाच आवाज आखत आला आहे. फार काळ चालला तर तो पिस्टनचा माथा कुरतडतो, आणि रिंगा ज्यांत बसतात त्या खाचांच्या भिंती फोडतो.

आता बाजूला काढून ठेवलेला हिस्सा कशासाठी असतो ते सांगता येईल. गॅरेजातल्या पंख्यासमोर, चांगले पेट्रोल घालून, एकटा माणूस बसवून ती गाडी पळवली तर त्या हिश्शाची गरजच लागत नाही. तो असतो एप्रिलमधल्या दुपारी दोन वाजता पाच माणसे आणि सामान घेऊन घाट चढणाऱ्या गाडीसाठी. पुढे ट्रक रांगत असतो, समोरून वारा लागत नाही, हवा थंड करणारा इंटरकूलर स्वतःच तापलेला असतो, आणि टाकीत कोठल्याशा आडगावच्या पंपावरचे पेट्रोल असते. तो असतो तेल बदलायला विसरणाऱ्या मालकासाठी, आणि गाडीच्या दुसऱ्या, तिसऱ्या मालकासाठी. परीक्षण विभागातला माणूस ज्याच्यासाठी राबतो त्याला तो कधी पाहणार नसतो. ज्याच्या वाईट दिवसाची आपल्याला तारीख ठाऊक नाही, त्याच्यासाठी ठेवलेली ती ठेव असते.

माझ्या आजोबांच्या हाती पराणी असे. बैल अडला की ते टोचत; पण पुष्कळदा टोचल्यावरही बैल सरळ खाली बसे आणि मग आजोबाही धुऱ्यावर बसून तंबाखू मळत. बैलाला 'नाही' म्हणता येत होते. इंजिनाला बसता येत नाही. त्याचे 'नाही' म्हणजे तो खुळखुळाट, आणि तो माणसाच्या कानाला नेहमी ऐकू येतोच असे नाही. म्हणून आजच्या इंजिनाच्या अंगावर एक लहानसा 'नॉक सेन्सर' बसवलेला असतो. त्याला तो आवाज आला की गाडीचा संगणक ठिणगी मागे घेतो, ताकद थोडी उतरते, आणि इंजिन वाचते. भाच्याच्या गॅरेजवाल्याने या कानाची संवेदनाही कमी करून टाकली होती. "तो उगाच घाबरतो," असे त्याचे म्हणणे.

एवढे सगळे मी भाच्याला सांगितले. त्याने ते शांतपणे ऐकले आणि म्हटले, "म्हणजे इंजिनाचं आयुष्य थोडं कमी होणार. पण ते माझं इंजिन आहे. आयुष्य मोजून वापरायचं की वाजवून, हे मी ठरवीन."

हे उत्तर उडवून लावण्यासारखे नाही. मी ते कित्येक दिवस मनात घोळवले, आणि मला जी उदाहरणे आठवली ती बहुतेक त्याच्याच बाजूची होती.

१९६२ साली जर्मनीतल्या बीएमडब्ल्यू कंपनीने '१५००' नावाची एक साधी प्रवासी मोटार बाजारात आणली. तिचे चार सिलिंडरांचे इंजिन ८० अश्वशक्तीचे होते. त्याच घराण्याच्या ठोकळ्यावर टर्बो चढवून त्यांनी पुढे शर्यतीचे इंजिन केले, आणि १९८३ साली नेल्सन पिकेने त्याच्या जोरावर फॉर्म्युला वनचे जगज्जेतेपद मिळवले. टर्बो मोटारीने ते मिळवण्याची ती पहिली वेळ. त्यासाठी जुन्या, हजारो किलोमीटर धावलेल्या मोटारींचे ठोकळे वापरले जात, कारण धातूतले अंतर्गत ताण वापराने निवून गेलेले असत. मुरलेल्या लोणच्याप्रमाणे मुरलेले लोखंड! १९८६ साली हे प्रकरण कळसाला पोचले. शर्यतीत कोणी कोठून सुटावयाचे हे ठरवणाऱ्या फेऱ्यांसाठी वेगळी इंजिने बसवीत. ती काही थोड्या फेऱ्या पळत आणि मग निकालात निघत. त्यांची ताकद नेमकी किती होती हे सांगणे कठीण आहे, कारण त्यांचे कर्ते पॉल रोशे सांगत की, १,२८० अश्वशक्तीच्या पुढे मोजण्याची सोयच त्यांच्या परीक्षणयंत्रात नव्हती. दीड लिटरच्या इंजिनातून एवढी ताकद काढणाऱ्यांना मी मूर्ख कसे म्हणू? त्यांनी इंजिनाचे सारे आयुष्य मूठभर मिनिटांत खर्च केले. पण खर्च करताना ते डोळे उघडे ठेवून करत होते, आणि बिल त्यांच्याच नावावर येत होते. शनिवारचे इंजिन रविवारी दुसऱ्या कोणाला विकावयाचे नव्हते.

दुसरे उदाहरण याहून गंभीर आहे, आणि ते मोटारीचे नसून विमानाचे आहे. १९४० साली ब्रिटनच्या आकाशात लढणाऱ्या स्पिटफायर आणि हरिकेन विमानांत मर्लिन जातीची इंजिने होती. १०० ऑक्टेनचे पेट्रोल मिळू लागल्यावर त्यांतला हवेचा दाब अडीअडचणीला सव्वासहा पौंडांवरून बारा पौंडांपर्यंत चढवण्याची मुभा वैमानिकांना मिळाली. हजाराच्या आसपासची अश्वशक्ती काही उंचीवर तेराशेपर्यंत जाई. ही मुभा पाच मिनिटांची होती. आणि आणखी एक अट होती, ती मला फार महत्त्वाची वाटते. ही ताकद वापरली तर उतरल्यावर वैमानिकाने तसे सांगावयाचे, आणि त्याची नोंद इंजिनाच्या वहीत व्हावयाची. शत्रू पाठीशी लागला असता हात राखून उडणे हा शहाणपणा नव्हता. त्या पाच मिनिटांबद्दल वैमानिकाला कोणी दोष देत नसे. पण ती पाच मिनिटे लपवण्याची मात्र त्याला मुभा नव्हती, कारण दुसऱ्या दिवशी त्याच इंजिनाच्या भरवशावर कदाचित दुसराच पोरगा आभाळात जाणार होता.

म्हणजे राखलेले बळ कधीच खर्चू नये, असा नियम निघत नाही. तसा नियम केला तर ती कृपणता होईल, आणि कणगीत किडे पडेपर्यंत धान्य राखणाऱ्याला कोणी शहाणा म्हणत नाही. आई आजारी मुलाच्या उशाशी रात्र-रात्र जागते, तेव्हा ती आपल्या शरीराची ठेवच मोडत असते. तिला आपण हिशेब सांगायला जात नाही. प्रश्न खर्चाचा नसून वहीचा आहे, असे मला दिसू लागले. खर्चाची नोंद होते का, आणि ज्याला भरपाई करावी लागणार त्याला ती वाचावयास मिळते का?

वही नसली म्हणजे काय होते याचे उदाहरण याच नॉकिंगच्या इतिहासात आहे. १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, शिशाचे एक संयुग पेट्रोलमध्ये अगदी थोडे मिसळले की तो खुळखुळाट थांबतो. इंजिनांचा दाब वाढवता आला, ताकद वाढली. शिसे हे विष आहे हे तेव्हा काही गुपित नव्हते. १९२४ साली न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात ते संयुग बनवणारे पाच कामगार त्या विषाने भ्रमिष्ट होऊन मरण पावले. तरी ते पेट्रोल जगभर गेले, आणि गेले ते 'इथिल' या गोंडस नावाने. त्या नावात शिसे हा शब्दच नव्हता. भारतात त्याची विक्री २००० साली थांबली. मोटारींसाठी ते विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, तेथे ते २०२१ साली बंद झाले. शंभर वर्षे इंजिनांनी जी जादा ताकद उपभोगली तिची किंमत रस्त्याकडेला खेळणाऱ्या मुलांच्या रक्तात आणि मेंदूत जमा होत गेली. त्या मुलांनी मोटार घेतली नव्हती, आणि त्यांना कोणी विचारलेही नव्हते. वर मी सांगितलेल्या मर्लिनच्या पेट्रोलमध्येही हेच शिसे होते, हेही येथे सांगितले पाहिजे. नाही तर माझ्याही वहीत एक नोंद गाळल्यासारखे होईल.

येथवरचा विचार जगाच्या संदर्भात करणे सोपे गेले. माझा स्वतःचा हिशेब यानंतर सुरू होतो.

भाच्याने ती गाडी दोन वर्षे वाजवून वापरली. दुसऱ्या वर्षीच्या एप्रिलमध्ये आम्ही सगळे साताऱ्याला लग्नाला निघालो असता, खंबाटकीच्या चढावर मला तो आवाज ऐकू आला. अगदी पुसट, दोन-तीन क्षण. गाडीत गाणी लागली होती, मुले दंगा करत होती. दुसऱ्या कोणाला तो ऐकू आला नसेल. पण माझे एकतीस वर्षांचे कान होते. मी म्हटले, "जरा पाय काढ." त्याने काढला. पुढे कधी तरी तो बोलता-बोलता म्हणाला की, गाडी हल्ली तेल थोडे जास्त खाते. मी ऐकून घेतले.

मग त्याला मोठी गाडी हवी झाली, आणि ही विकावयाचे ठरले. त्याच गॅरेजमध्ये दीड तासात मूळचा प्रोग्राम परत बसवला गेला. कागदोपत्री ती गाडी पुन्हा एकशे दहा अश्वशक्तीची झाली. संगणकातला हिशेब पुसता येतो. पिस्टनवरचा पुसता येत नाही. घेणारे गृहस्थ एका माध्यमिक शाळेत शिक्षक होते. त्यांची ती पहिलीच मोटार. बोलणी आमच्याच घरी झाली, कारण मी त्या धंद्यातला माणूस आहे हे त्यांना कोणी तरी सांगितले होते. चहाचा कप खाली ठेवून त्यांनी मला विचारले, "काका, तुम्ही यातले जाणकार. गाडी चांगली आहे ना?"

भाचा माझ्याकडे पाहत नव्हता. तो खिडकीबाहेर पाहत होता. मी म्हणालो, "चांगली आहे."

हे वाक्य धडधडीत खोटे नव्हते. गाडी खरोखरच चांगली होती. ती घडवणाऱ्यांनी हात राखून घडवली होती म्हणूनच दोन वर्षे टिकली होती. असे युक्तिवाद मला त्या रात्री पुष्कळ सुचले. एवढे युक्तिवाद ज्या वाक्यासाठी लागतात त्या वाक्यात काही तरी चुकलेले असते, हेही त्याच रात्री कळले.

सात महिन्यांनी त्यांचा फोन आला. आईला घेऊन ते गावाहून परतत होते. रात्री घाटात इंजिनाची ताकद एकाएकी गेली, निळा धूर निघाला आणि गाडी बंद पडली. पावसात तीन तास ते, त्यांची बायको, दोन मुले आणि त्यांची म्हातारी आई रस्त्याकडेला उभी होती. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते. गॅरेजवाल्याने इंजिन खोलले तेव्हा एका पिस्टनच्या रिंगांमधली भिंत तुटलेली निघाली. त्यांनी मला जाब विचारायला फोन केला नव्हता. त्यांच्या मनात शंकाही नव्हती. "काका, एखादा चांगला मिस्त्री सांगाल का?" एवढेच ते विचारत होते. आपण गाडी नीट चालवली नाही म्हणून हे झाले, असे त्यांना वाटत होते.

मी दोन दिवस थांबलो. मग भाच्याला फोन केला, आणि तो येणार नाही म्हणाला तेव्हा एकटाच त्यांच्या घरी गेलो. सारे सांगितले: ट्यूनिंग, खंबाटकीतला आवाज, तेल, आणि माझे ते दोन शब्द. दुरुस्तीचा निम्मा खर्च मी देऊ केला. ते बराच वेळ बोलले नाहीत. आतून त्यांच्या आईच्या खोकण्याचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "काका, तेव्हा सांगितलं असतंत तरी मी गाडी घेतली असती. थोडी कमी किमतीला मागितली असती, आणि घाटात हळू चालवली असती. एवढंच."

पैसे त्यांनी घेतले. त्यांनी ते नाकारले असते तर मला बरे वाटले असते, आणि म्हणूनच त्यांनी घेतले हे योग्य झाले.

भाच्याचे आणि माझे बोलणे आता पूर्ववत आहे, पण या विषयावर नाही. त्याच्या मते जुनी गाडी घेणाऱ्याने ती तपासून घ्यावी. बाजाराचा तसाच रिवाज आहे. असेलही. मी त्याला दोष देण्याच्या योग्यतेचा उरलेलो नाही. ताकद त्याने काढली होती. पण विचारल्यावर उत्तर द्यावयाचे होते ते मी.

कारखान्यातल्या त्या वह्या मला अजून आठवतात. हिरव्या कापडी पाठीच्या, लांबट. दर तासाला दाब, तापमान, तेलाची पातळी लिहून खाली सही करावयाची. रात्री तीन वाजता डोळ्यांवर झापड येत असतानाही आम्ही अंदाजाने आकडा भरला नाही, कारण तो आकडा कोणाच्या तरी घाटातला असेल हे आम्हाला ठाऊक होते. एकतीस वर्षांत माझ्या सहीखाली खोटी नोंद सापडावयाची नाही. जी एक केली ती मी घरी, चहा पिताना, तोंडी केली. आणि एक माणूस तिच्या भरवशावर आपल्या आईला घेऊन घाट चढला.